आमच्या ताईंची लोकसभा

रत्नागिरीला परत आल्यापासून शेजारीपाजारी विचारतायत, "काय बाई, सोलापूर बघून आलात म्हणे?" बघितलं कसलं डोंबल! उजनीचं पाणी लांबून बघितलं, कमळाभवानीचं देऊळ धावत बघितलं आणि नारळ तेवढे अगदी जवळून बघितले. आमच्याकडे नारळ झाडावर असतात. तिकडे ते गाडीच्या डिकीत असतात, सीटखाली असतात, मांडीवर असतात, आणि उमेदवाराच्या गाडीतून फिरायचं म्हणजे त्यांच्यावर पाय ठेवूनच बसावं लागतं. माझे गुडघे अजून कुरकुरतायत.

ऐन उन्हाळ्यात, निवडणुकीच्या धामधुमीत, शहाणं माणूस सोलापूर जिल्ह्यात फिरायला जातं का? मी गेले, ते शालनपायी. शालन आणि मी कोल्हापूरला बी.एड.ला एका खोलीत राहिलो. पुढे मी जन्मभर भूगोल शिकवला. ती थोडी वर्षं शाळेत रमली, मग पंचायत समितीत गेली, तिथून जिल्हा परिषदेत आणि तिथून विधानसभेत. दोनदा आमदार झाली. आणि एके दिवशी तिचा फोन.

"वसे, लोकसभेला उभी राहतेय. तू ये."

"मी येऊन काय करू? मला भाषण येत नाही."

"भाषणं करणारे ढीग आहेत गं. गाडीत एक तरी माणूस असं हवंय, ज्याचं माझ्याकडे काही काम नाही."

"आणि तुझ्या आमदारकीचं काय?"

"ती कुठे जातेय? पडले तर आमदार आहेच. निवडून आले तर मात्र ती सोडायची आणि दिल्लीला जायचं."

हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. पुढे सगळा घोळ ह्याच वाक्याने घातला. तिच्या तालुक्याचं आणि गावाचं नाव मात्र मी इथे लिहिणार नाही. त्या माणसांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि रागाच्या भरात गावाची बदनामी करू नये एवढी अक्कल मला आहे.

जुळे सोलापूर

स्टेशनवरून रिक्षा केली. शालनताईंच्या फ्लॅटवर जायचंय म्हटल्यावर रिक्षावाल्याने भाडं घ्यायला साफ नकार दिला. मला बरं वाटलं, काय तरी माणुसकी म्हणून. उतरल्यावर कळलं की भाड्याच्या बदल्यात मी त्याच्या मेहुण्याच्या बदलीचं ताईंच्या कानावर घालायचं होतं. बरं, ह्या बाबाचं मत तिच्या मतदारसंघात नव्हतंच! मी पैसे त्याच्या सीटवर टाकून जिना चढले. जिन्यावर पहिल्या पायरीपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत चपलाच चपला. मला वाटलं, घरात कुणी गेलं की काय.

कुणी गेलेलं नव्हतं. तिथे रोजच सकाळी तसं असतं. शालन हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेली, एका हातात फोन, दुसऱ्या हातात उप्पिटाची बशी, आणि समोर वीस-पंचवीस माणसं. एकाच्या मुलीचा प्रवेश, एकाची पेन्शन, एक नुसता लग्नाची पत्रिका घेऊन आलेला, पण "ताई आल्याबिगर अक्षता टाकनार न्हाय" म्हणून अडून बसलेला. एकाच्या शेतावरची डीपी जळाली होती, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर.

शालन म्हणाली, "अण्णा, आचारसंहिता चालू आहे. निवडणूक होऊ द्या, मग बघते."

"आचारसंहिता तुमाला हाय ताई, माज्या डीपीला न्हाय की!"

सगळे हसले, शालनसुद्धा हसली आणि तिने तिथल्या तिथे वीज कंपनीत कुणाला तरी फोन लावला. आमच्याकडे माणूस आमदाराच्या दारात जायचं म्हणजे आधी चार दिवस विचार करतो, मग जातच नाही, आणि घरी बसून आमदाराला नावं ठेवतो. मला आजवर ही आमची खोड वाटायची. आता तो सद्गुण वाटायला लागला आहे.

एक शेतकरी कांद्याची पिशवी घेऊन आला होता. ती त्याने टीपॉयवर ठेवली. "ह्याचा भाव सांगितला तर तुमाला चिरायच्या आदीच रडू येईल. निर्यात उघडा म्हनावं की ताई."

ह्यावर मात्र शालनने हातातला फोन खाली ठेवला. नुसती त्या पिशवीकडे बघत राहिली. तो गेल्यावर मला म्हणाली, "हे बघ, डीपी मी आणू शकते. रस्ता आणू शकते. कांद्याची निर्यात चालू करायची की बंद, ते दिल्लीत ठरतं. मी विधानसभेत घसा फोडते, मंत्री म्हणतात केंद्राला कळवतो. झालं. दहा वर्षं ही माणसं माझ्यासमोर कांदे आणून ठेवतायत, आणि मी दहा वर्षं मान खाली घालते. मला जिथं ठरतं तिथं जाऊन बसायचंय, वसे. एवढीच निवडणूक. ह्यानंतर पक्ष मला तिकीट देणार नाही, माझं वयही नाही."

तिच्या डोळ्यांत ते इतकं स्वच्छ दिसत होतं की मी म्हटलं, ठीक आहे बाई, तुझ्या नारळांवर पाय ठेवून बसते.

करमाळा

गाडी चालवायला नामदेव. तो तिच्या जिल्हा परिषदेच्या दिवसांपासूनचा ड्रायव्हर. ताईंनी पाणी प्यायलं की नाही, ताईंची गोळी झाली की नाही, सगळं त्याला ठाऊक. मला तो 'बाई' म्हणायचा आणि माझ्याशी बोलताना प्रत्येक वाक्यात ताईंची एक तरी गोष्ट सांगायचा. तिच्यावर जीव टाकणारा माणूस. गाडी मात्र अशी हाणायचा की मी करमाळ्यापर्यंतचा अख्खा रस्ता रामनाम घेत काढला.

करमाळ्यात कमळाभवानीला नारळ फोडून प्रचाराला सुरुवात. देऊळ काय सुंदर आहे हो! दगडी खांब, उंच दीपमाळा, आत गारवा. मी म्हटलं, जरा टेकू या. कसलं टेकतेय! पाच मिनिटांत हलगी कडाडायला लागली आणि आम्हाला उचलून बाहेर नेल्यासारखं नेलं.

बाजार समितीच्या चौकात स्वागताला जेसीबी उभे केले होते. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, तिकडे पुढाऱ्यावर फुलं हाताने टाकत नाहीत. माती उपसायच्या यंत्राच्या बकेटमध्ये झेंडूच्या पाकळ्या भरतात, बकेट उंच नेतात आणि वरून ओततात. त्या दिवशीचा एक जेसीबी सकाळी कुठेतरी मुरूम भरून आला होता आणि बकेट धुवायचं कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. शालन हसतमुखाने हात जोडून उभी, मी तिच्या शेजारी, आणि वरून पाकळ्यांसकट पाटीभर मुरूम आमच्या डोक्यावर. माझ्या ब्लाऊजमध्ये खडे. डोळ्यांत धूळ. खाली माणसं टाळ्या वाजवतायत, कारण लांबून सगळं पिवळंच दिसत होतं.

मी ओरडले, "शाले, दगड पडतायत!"

ती हात जोडलेलेच ठेवून दातांतल्या दातांत म्हणाली, "हस. फोटो काढतायत."

दुपारचं जेवण, उजनी धरणाचं पाणी लांबवर दिसत होतं तिथे, एका कार्यकर्त्याच्या वस्तीवर. कोकणातली बाई येणार म्हणून माझ्यासाठी खास मासे. धरणातली चिलापी. त्यांनी इतक्या मायेने वाढली, चारचौघांनी समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "कशी हाय?" आता सुरमईवर वाढलेल्या बाईने काय सांगायचं? चिखलाचा वास मसाल्याखाली दडवलेला, पण मसाला मात्र असा जहाल की नंतर वास घेणारं नाकच शिल्लक राहिलं नाही. मी "छान" म्हटलं तर आणखी दोन तुकडे पानात आले. तिकडे 'नको' ह्या शब्दाला काही अर्थच नाही. आमच्याकडे 'चहा घेणार का' असं विचारतात आणि पाहुण्याला पहिल्यांदा नको म्हणायची मुभा असते. तिकडे विचारतच नाहीत. कप हातात येतो. एका दिवसात मी इतका गोड चहा प्यायले की माझ्या डॉक्टरांना हा लेख दाखवू नका.

माढ्याकडे

माढ्याकडचा रस्ता उसातून जातो. दोन्ही बाजूंना हिरवंगार, मध्ये आमची गाडी आणि वर आग ओकणारं आभाळ. एका गावात दोन चुलतभावांचे दोन गट. दोघांची घरं समोरासमोर, मध्ये बैलगाडी जाईल एवढा रस्ता. दोघंही शालनच्या बाजूने. पण चहा पहिल्यांदा ज्याच्याकडे घेतला त्याला मान, आणि दुसरा रुसणार. आणि तिकडे माणूस रुसला की नुसता रुसत नाही, त्याची पूर्ण भावकी समोरच्या उमेदवाराला मत घालते.

"मागच्या टायमाला एका पावन्यानं हितंच चूक केली," नामदेव म्हणाला. "आदी डाव्या घरात गेला. उजव्या आळीनं त्याला पाडला."

मग ह्यावर तोडगा काय? नामदेवने गाडी बरोबर दोन्ही दारांच्या मधोमध उभी केली आणि दोन्ही बाजूंची दारं एकदम उघडली. शालन डावीकडे उतरली. आणि उजवीकडून मला ढकललं!

"ह्या ताईंच्या भगिनी!" नामदेव माझ्या पाठीमागून ओरडला.

मी काही म्हणायच्या आत माझ्या डोक्यावर फेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ, कपाळावर कुंकू. मला पलंगावर बसवलं. समोर शंभरेक माणसं. घरचे मालक म्हणाले, "बोला आता दोन शब्द." आयुष्यभर नववीला वाऱ्यांचे प्रकार शिकवले, तेच आठवले. मी म्हटलं, "तुमच्या जिल्ह्यात पाऊस कमी पडतो कारण तो आमच्याकडे सह्याद्रीत अडतो, त्याबद्दल मी माफी मागते." काय टाळ्या पडल्या! मालक डोळे पुसत म्हणाले, "आजवर एवडं प्रामानिक कुनी बोललं न्हाय." गाडीत बसल्यावर शालन इतकी हसली की डोळे पुसून पुसून तिचा पदर भिजला. मी फेटा नामदेवच्या अंगावर फेकला.

परतताना एका फाट्यावर मांडव दिसला. शालन म्हणाली, "थांब." कुणाचा तरी दहावा होता. सभेला उशीर झालेला, पुढच्या गावातून फोनवर फोन. मी म्हटलं, "अगं, ही तुझ्या तालुक्याची माणसंसुद्धा नाहीत!" ती ऐकतेय कुठे? आत गेली, बायकांत जमिनीवर बसली, त्या बाईचा हात हातात घेतला. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. आणि हे नाटक नव्हतं. तीच तर कटकट आहे. नाटक असतं तर मी एवढी वैतागले नसते.

तिच्या गावात

प्रचार संपायच्या दिवशी आम्ही तिच्या गावी पोचलो. शेवटची सभा तिथे, दुपारी. शालनला वाटत होतं, इथे सभेची गरजच नाही, नुसतं दर्शन द्यायचं. गावात प्रत्येक घरावर तिचा झेंडा. प्रत्येक पोराच्या टीशर्टवर तिचा फोटो.

मी शेजारच्या चंद्राकाकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले, कारण तिथे पंखा होता. काकू सत्तरीच्या, हातावर भाकरी थापत होत्या, आणि आळीतल्या पाच-सहा बायका सभेच्या जेवणासाठी शेंगाची चटणी कुटत होत्या. ती चटणी, ताजं दही आणि ज्वारीची पातळ भाकरी. ह्या एका जेवणासाठी मी त्या जिल्ह्याचे निम्मे गुन्हे माफ करते.

मी सहज म्हटलं, "मग काकू, आता तुमची ताई दिल्लीला."

भाकरी थापायचा आवाज थांबला. काकूंनी बाकीच्या बायकांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बाई, तुमी घरच्याच हाव म्हनून सांगते. आमी ताईला मत देनार न्हाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "का? काय केलं तिनं?"

"अगं माय, काय केलं काय इचारता! माज्या सुनंचं बाळंतपन तिच्या गाडीत झालं. रातीचं दार वाजवलं तर ती सोता उठून आली. अशी आमदार कुटं मिळनार? आनि ती दिल्लीला गेल्यावर हितं कोन येनार? कोन बी एक येनार, फोन उचलनार न्हाय. ताई पडली तर आमदार राहतीय न्हवं?"

"म्हणजे तुम्ही तिला पाडणार?"

"पाडत न्हाय हो!" काकूंना मनापासून वाईट वाटलं. "ठिवून घेतोय."

बाकीच्या बायका माना डोलवत होत्या. एक म्हणाली, वरच्या आळीचं पण तेच ठरलंय. दुसरी म्हणाली, तिच्या माहेरच्या गावात पण. त्या बाईचं माहेर त्याच तालुक्यात. मी विचारलं, "आणि हे झेंडे?" तर म्हणे, "ते तर लावायलाच पायजेत. आपली ताई हाय."

मी भाकरी तशीच टाकून उठले. डोक्यात नुसता जाळ. नामदेव गाडी पुसत होता, त्याला गाठलं. "हे काय ऐकतेय मी? तुला माहीत होतं?"

"बायका काय बी बोलत्यात बाई," तो म्हणाला आणि तीच काच पुन्हा पुसायला लागला.

शालनला मी आतल्या खोलीत नेऊन सगळं सांगितलं. ती साडी बदलत होती. हसली. "खुळी आहेस. चंद्राकाकू मला मत देणार नाहीत? त्यांच्या सुनेचं बाळंतपण माझ्या गाडीत झालंय."

"म्हणूनच देणार नाहीत, शाले!"

निऱ्या तिच्या हातातच राहिल्या. मग हळू म्हणाली, "असं कोण करेल गं?" पण चेहरा सांगत होता, की ही माणसं असं करतील हे तिच्याइतकं कुणालाच कळलेलं नव्हतं.

सभेत तिने भाषण केलंच नाही. माईक हातात घेऊन सरळ विचारलं, "मला दिल्लीला पाठवायचं नाही असं कुणाच्या मनात आहे का? असेल तर आत्ता बोला."

मग पुढच्या रांगेतले एक तात्या उठले. पांढऱ्या मिशा, खांद्यावर उपरणं. "ताई, एकच इचारतो. माजी मालकीन गेली तवा तुमी तिरडीमागं चालत आला. तुमी दिल्लीला गेल्यावर आमच्या मयताला कोन येनार?"

कुणी हसलं नाही. आमच्याकडे मयताला आमदार आला तर लोक म्हणतील, इथे पण मतं मागायला आला. इथे पूर्ण गाव त्या उत्तराची वाट बघत होतं. मी स्टेजच्या कडेला होते. मी कुजबुजले, "सांग, येईन म्हणून. सांगून टाक! पुढचं पुढे बघता येईल."

सगळ्या प्रचारात तिने नाही नाही ती आश्वासनं दिली होती. दोन चुलतभावांना एकच समाजमंदिर दोन्हीकडे बांधून देते म्हणाली होती! आणि नेमकी तिथे, तेव्हा, ह्या बाईला खरं बोलायची बुद्धी झाली.

"तात्या, तुम्हाला खोटं कसं सांगू? प्रत्येक मयताला नाही येता येणार. अधिवेशन असलं की नाहीच. पण तुमचा कांदा जिथं अडतो तिथं मी असेन. मला तिथं जाऊ द्या. एवढंच मागते."

अशा टाळ्या पडल्या की मांडव हलला. "ताई, तुमीच! तुमीच!" बायका उठून उभ्या राहिल्या. शालनने माझ्याकडे बघितलं, बघ, म्हणाले होते ना, असं. मला मात्र दिसत होतं, तात्या टाळ्या वाजवत नव्हते. ते उपरण्याने डोळे पुसत होते.

मतदानाच्या दिवशी चंद्राकाकू शाई लावलेलं बोट नाचवत आल्या. "दिलं बघा!"

"कुणाला?"

"ते सांगायचं नसतंय की बाई," म्हणाल्या आणि मला लाडू दिला. मी तो रागाने खाल्ला.

निकाल

मतमोजणी बऱ्याच दिवसांनी होती. मी रत्नागिरीला येऊन आंब्यांचं बघितलं आणि निकालाला परत गेले. कुणी बोलावलं नव्हतं. घरी बसवेना.

तिच्या गावातल्या घरात टीव्हीसमोर आम्ही सगळे. नामदेव दारात उभा. सकाळी ती करमाळ्यात पुढे, माढ्यात पुढे. ज्या दोन भावांच्या घरी आम्ही एकदम चहा घेतला त्या गावात तर दणक्यात पुढे. पेढ्यांचे खोके येऊन पडले. मी मनातल्या मनात काकूंची माफीसुद्धा मागितली.

मग तिच्या स्वतःच्या तालुक्याचे आकडे यायला लागले.

समोरचा उमेदवार त्या तालुक्यात एकदाही धड फिरला नव्हता. तिच्या गावात तर त्याचा साधा एक बोर्ड नव्हता. आणि गठ्ठेच्या गठ्ठे त्याच्या नावावर. प्रत्येक फेरीला तिची आघाडी विरघळत गेली आणि दुपारपर्यंत ती हरली. टीव्हीवरची मुलगी म्हणाली की तो उमेदवार स्वतःच चकित झालाय. पक्षाची माणसं फोनवर ओरडत होती, भितरघात झाला, कुणी केला शोधा. मी मोठ्याने म्हटलं, "भितरघात कसला? माया आहे ही! असली माया वैऱ्याच्या वाट्याला येऊ नये."

टीव्ही शालननेच बंद केला. पेढ्यांचे खोके शाळेत पाठवायला सांगितले आणि खोलीत जाऊन पडली. मी तिच्या पायाशी बसले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला वाटायचं, माझं काम चांगलं नाही म्हणून कधीतरी पडेन. हे असं पडायचं कुणी शिकवलं नव्हतं गं." मग ती रडली. मीही रडले, पण माझं रडणं संतापाचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले तर चपलाच चपला. सगळा गाव आलेला, आणि आजूबाजूची गावंही. माना खाली घालून नव्हे हो! नवीन कपडे घालून. कुणी गजरा आणलेला, कुणी दह्याचं मडकं, कुणाच्या हातात कागद. चंद्राकाकू पुढे, तात्या पुढे. जत्रेतली माणसं जशी खुशीत असतात तशी. मला पायऱ्या उतरून एकेकाला झोडावंसं वाटत होतं. मी सुरुवातही केली होती, "तुम्हाला लाज वाटते का," एवढं म्हणून झालं होतं, तेवढ्यात मागून शालनने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

साधी सुती साडी, डोळे सुजलेले. ती ओट्याच्या कडेला येऊन उभी राहिली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "रागावणार नाही. शप्पत. ज्यांनी मला मत दिलं नाही, त्यांनी हात वर करा."

मला वाटलं, आता सगळे जमिनीकडे बघतील. आमच्याकडे मेले तरी कबूल केलं नसतं.

सगळ्यात आधी चंद्राकाकूंचा हात गेला, शाईचं काळं अजून नखात असलेला. मग तात्यांचा. मग एकेक करत अख्ख्या अंगणाचे. ताठ, सरळ, अभिमानाने, वर्गात उत्तर येत असलेल्या पोरांसारखे. एका बाईच्या कडेवर लहान मूल होतं, तिने ते दुसऱ्या कडेवर घेतलं आणि हात वर केला. कुणी लाजलं नाही. त्यांना वाटत होतं, ताईंना हे बघून बरं वाटेल.

शालन बघत राहिली. मग तिची नजर फाटकाकडे गेली, तिथे नामदेव गाडीला टेकून उभा होता. तो बराच वेळ मातीकडे बघत होता. त्याचा हात कानापर्यंत गेला, तिथेच थांबला, आणि मग पूर्ण वर गेला. तोंड मात्र त्याने दुसरीकडे फिरवलं.

कुणी हात खाली घेईना. ताईने सांगितल्याशिवाय कसे घेणार?

"घ्या खाली," शालन म्हणाली. "दुखतील."

मी आतून खुर्ची आणून दिली. ती बसली, पदर सारखा केला आणि सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या माणसाला म्हणाली, "बोला."